हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय? आधी तासांचा हिशेब मांड

सिन्नरजवळच्या एका गावातून एका मुलीने विचारलं आहे: "सर, यंदा बारावी सायन्स झाले, फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही आहेत. नाशिकरोडकडून येणारी आर्मीची हेलिकॉप्टरं लहानपणापासून आमच्या शेतावरून जाताना बघते. मला तेच करायचंय. बाबा जमीन गहाण टाकून 60 लाखांपर्यंत कर्ज काढायला तयार आहेत. एका एजंटने परदेशातली शाळा सांगितली आहे, 18 महिन्यांत लायसन्स आणि आल्यावर नोकरीची हमी. जाऊ का?"

एजंटला अजून एक रुपयाही देऊ नकोस आणि जमिनीच्या कागदांना सध्या कुणी हात लावू नका. तुला हे जमणार नाही असं मी म्हणत नाही. तुला जो क्रम सांगितला गेलाय तो उलटा आहे, एवढंच म्हणतोय. मी 21 वर्षं आर्मी एव्हिएशनमध्ये हेलिकॉप्टर उडवलं, त्यातली काही वर्षं नाशिकच्याच शाळेत शिक्षक होतो. नंतर 11 वर्षं जुहूहून समुद्रातल्या तेलफलाटांवर माणसं नेली-आणली. तुझ्या शेतावरून गेलेल्या एखाद्या हेलिकॉप्टरात शिकाऊ पायलटच्या शेजारी मी बसलेलो असेन. म्हणून सविस्तर लिहितो.

एक आकडा आधी डोक्यात पक्का कर. आपल्याकडे डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संचालनालयाचा, हेलिकॉप्टरचा कमर्शियल पायलट परवाना मिळायला 150 तासांचं उड्डाण लागतं. विमानाला 200. त्या 150 मध्ये 10 तास बाहेर न बघता फक्त उपकरणांवर आणि 5 तास रात्रीचे हवेत. हा झाला परवाना. पण ज्या कामांसाठी लोक पगार देतात, डोंगरातली खेप, तेलफलाट, रुग्ण आणणं, मंत्र्यांचे दौरे, त्यांतलं बहुतेक काम हजार, दोन हजार तास गाठीशी असलेल्या माणसाला मिळतं. 150 पासून हजारापर्यंतचे तास तुला कोण देणार आणि त्यांचे पैसे कोण भरणार, हा खरा प्रश्न आहे. एजंट याबद्दल काही बोलला का? नसणारच.

पैशाकडे वळण्याआधी हे शिकणं म्हणजे काय ते ऐक, कारण पैसे त्याचेच मोजायचे आहेत.

डाव्या हातात कलेक्टिव्ह असतो, गाडीच्या हँडब्रेकसारखा सीटच्या बाजूला. तो वर ओढला की डोक्यावरच्या पंख्याच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर उचललं जातं. उजव्या हातात सायक्लिक. तो कलवशील तिकडे पंख्याची चकती कलते आणि हेलिकॉप्टर तिकडे निघतं. पायाखाली दोन पेडल, शेपटीच्या छोट्या पंख्याचा जोर कमी-जास्त करणारी. विमानात कॅप्टन डावीकडे बसतो, हेलिकॉप्टरात बहुतेक ठिकाणी उजवीकडे, कारण सायक्लिकवरचा उजवा हात सोडता येत नाही. रेडिओ, बटणं, नकाशा, सगळं डाव्या हाताने करावं लागतं.

हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. कलेक्टिव्ह किंचित उचललास की इंजिनाचा जोर वाढतो आणि नाक वळायला लागतं, म्हणून पाय द्यायचा. पाय दिला की शेपटीचा पंखा अख्ख्या हेलिकॉप्टरला बाजूला ढकलतो, म्हणून सायक्लिक कलवायचा. सायक्लिक कलला की वरची उचल थोडी कमी होते, म्हणून पुन्हा कलेक्टिव्ह. हे चक्र दर सेकंदाला चालू असतं. जमिनीपासून पाच फुटांवर एका जागी थांबणं म्हणजे हॉवर, आणि बघणाऱ्याला वाटतं की पायलट काहीच करत नाहीये.

मला पहिले सहा तास हॉवर जमला नाही. फुटबॉलच्या मैदानाएवढी जागा पुरायची नाही, मी कधी पुढे, कधी मागे झोके खात असायचो. रात्री झोपेत हात हलायचा. सातव्या तासाला माझ्या शिक्षकांनी दोन गोष्टी सांगितल्या: मनगटाच्या मागचा भाग मांडीवर टेकव, आणि समोरच्या जमिनीकडे बघू नकोस, मैदानापलीकडच्या त्या बाभळीकडे बघ. बस. हात मांडीवर टेकला की हालचाल बोटांपुरती उरते. नजर लांब गेली की कलणं सुरू होताच कळतं, जवळ बघणाऱ्याला ते उशिरा कळतं आणि मग तो जास्त सुधारणा करतो. त्या दिवशी मी दहा सेकंद थांबलो. पुढे शिक्षक झाल्यावर प्रत्येक मुलाला मी हेच सांगितलं, आणि ते जमण्याचा क्षण प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मला शेजारून दिसला. कुणाला चार तास लागले, कुणाला बारा. बारा लागलेल्यांतले काही पुढे फार उत्तम पायलट झाले. म्हणून पहिल्या दहा तासांवरून स्वतःला जोखू नकोस, आणि शाळेने तसं जोखलं तर ती शाळा बरी नव्हे.

दुसरी गोष्ट ऑटोरोटेशन. इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, असा समज सगळीकडे आहे. तुझ्या आईलाही हीच भीती असेल, म्हणून तिला हे वाचून दाखव. शेवग्याची शेंग वाळून फुटली की पातळ पंखांचं बी गरगरत हळू खाली येतं ना, तसंच आहे हे. इंजिन थांबलं की कलेक्टिव्ह लगेच खाली टाकायचा. पात्यांचा कोन कमी होतो, खालून वर येणारी हवा पंखा फिरवत ठेवते. ठराविक वेग धरून खाली यायचं आणि जमिनीजवळ, छोट्या हेलिकॉप्टरात साधारण 40 फुटांवर, नाक वर घेऊन वेग मोडायचा. शेवटी पंख्यात साठलेली सगळी फिरण्याची शक्ती कलेक्टिव्ह उचलून एकदाच वापरायची आणि हलकेच टेकायचं. एकदाच. दुसरी संधी नसते.

यातलं सगळं मर्म 'लगेच' या शब्दात आहे. जगभर शिकवायला वापरलं जाणारं रॉबिन्सन आर 22 हे दोन पात्यांचं, दोन माणसांचं, फार हलक्या पंख्याचं हेलिकॉप्टर आहे. त्यात इंजिन गेल्यावर कलेक्टिव्ह खाली टाकायला सेकंदभर मिळतो, फार तर थोडा जास्त. तेवढ्यात हात हलला नाही तर पंख्याचे फेरे इतके घटतात की ते परत मिळत नाहीत. शिवाय दोन पात्यांच्या त्या पंख्यात सायक्लिक झटकन पुढे ढकलून शरीर हलकं होईल अशी डुबकी मारली, तर पंख्याचा मधला भाग दांड्यावर आदळू शकतो आणि तिथे सगळं संपतं. अमेरिकेत या दोन कारणांसाठीच आर 22 आणि आर 44 ला वेगळा नियम केला गेला: नवख्याला आर 22 मध्ये एकट्याने सोडण्याआधी किमान 20 तास शिक्षकाबरोबर झालेले हवेत. तुलनेने श्वाइझर 300 आणि फ्रान्सचं कॅब्री जी 2 ही तीन पात्यांची असल्याने चुका थोड्या पोटात घालतात. आपल्या सैन्याच्या चेतक-चीता हेलिकॉप्टरांचा पंखा जड, त्यामुळे उदार. शाळा निवडताना कुठलं हेलिकॉप्टर आहे हे विचारच. पण त्याहून जास्त हे विचार की ऑटोरोटेशन दर आठवड्याला घेतात की फक्त परीक्षेआधी. आर 22 वाईट नाही. त्यावर नीट शिकलेल्याचे हात फार चांगले होतात.

एक बारीक गोष्ट, जी पुढे कामाला येईल. अमेरिकी हेलिकॉप्टरांचा पंखा वरून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो, फ्रेंचांचा घड्याळाच्या दिशेने. त्यामुळे एकात जोर वाढवताना डावा पाय द्यायचा, दुसऱ्यात उजवा. अमेरिकी आर 22 वर शिकून पुढे एच 125 किंवा डॉफिन या फ्रेंच हेलिकॉप्टरांवर आलेल्याचे पाय पहिले काही दिवस चुकतात. मी हे उलट्या बाजूने अनुभवलंय, फ्रेंच रचनेच्या चीतावरून अमेरिकी बेल 412 वर येताना. डोक्याला माहीत असतं, पायाला पोहोचायला वेळ लागतो.

आता कागद. यात सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात स्वस्त पाऊल म्हणजे वैद्यकीय तपासणी, आणि लोक नेमकं हेच शेवटी ठेवतात. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे आधी क्लास 2 करून घ्यायची, मग क्लास 1. ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान, डोळे, रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी, असं सगळं बघतात. चष्मा असेल तर घाबरू नकोस, नागरी परवान्याला चष्मा चालतो, त्याने नजर पुरेशी सुधारायला हवी. रंगांची ओळख मात्र तपासतात, आणि रंगांधळेपण असणाऱ्या अनेकांना ते त्या दिवसापर्यंत माहीतही नसतं. माझ्याकडे एक मुलगा आला होता, फी भरून झालेली, बॅग भरलेली, आणि ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा त्याला दिसेना. त्याच्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून आधी डॉक्टर, मग बाकी सगळं.

त्यानंतर लेखी परीक्षा. डीजीसीएच्या संकेतस्थळावरून संगणक क्रमांक काढायचा, त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. विषय आहेत एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, हेलिकॉप्टरची सर्वसाधारण तांत्रिक माहिती आणि तू ज्या प्रकारावर उडणार त्याची खास तांत्रिक माहिती. पास व्हायला 70 टक्के. वेगळी असते रेडिओवर बोलण्याची आरटीआर परीक्षा. ती पूर्वी दूरसंचार विभाग घ्यायचा, आता डीजीसीएकडे आली आहे. अभ्यास कठीण नाही, बारावीच्या फिजिक्सएवढाच आहे, फक्त पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि पाठ करून भागत नाही. परदेशात जाणार असशील तरीही भारतातल्या या परीक्षा निघण्याआधीच देऊन टाक. परत येऊन कर्जाचे हप्ते चालू असताना नेव्हिगेशनच्या पेपराला बसणारी मुलं मी पाहिली आहेत. वर्ष वाया जातं, आणि उड्डाणाच्या तासांनाही मुदत असते: परवान्यासाठी ते अर्जाआधीच्या पाच वर्षांतले लागतात.

आता शाळा. बारामती, धुळे, गोंदिया ही नावं तू ऐकली असशील. तिथे विमान शिकवतात. हेलिकॉप्टरच्या पायलटला घडवणाऱ्या नागरी शाळा आपल्या देशात अगदी थोड्या आहेत आणि त्यांच्या तुकड्या नेहमी सुरू असतातच असं नाही. बंगळुरूला हॅटसॉफ नावाची संस्था आहे, हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि कॅनडाची सीएई यांनी मिळून काढलेली. पण तिथे सिम्युलेटर आहेत, आधीच पायलट असलेल्यांसाठी. त्यामुळे नागरी वाटेने जाणारी बहुतेक मुलं अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिका गाठतात.

अमेरिकेचा हिशेब मी मांडून दाखवतो, बाबांबरोबर बसून तूही मांड. आर 22 चा तास शिक्षकासह साधारण 400 डॉलर धर. 150 तासांचे 60,000 डॉलर, म्हणजे नुसत्या उड्डाणाचेच 50 लाखांच्या वर. त्यात राहणं-खाणं, विमा, परीक्षकाची फी, व्हिसा, विमानाचं तिकीट. आणि फार थोडी मुलं नेमक्या 150 तासांत तयार होतात. म्हणजे 60 लाखांत कदाचित परवाना होईल. बाकी काहीच नाही. शाळेशी थेट बोल, मध्ये एजंट नको. सगळे पैसे एकदम कधीच भरू नकोस. उडशील तसे भर. जगभर शाळा बुडाल्या आहेत आणि आगाऊ भरलेले पैसे त्यांच्याबरोबर गेले आहेत. किती हेलिकॉप्टरं खरोखर उडण्याच्या स्थितीत आहेत, किती शिक्षक आहेत, गेल्या वर्षी आलेल्या भारतीय मुलांना किती महिने लागले, हे त्या मुलांनाच विचार. स्वतःच्या वजनाचाही विचार कर. आर 22 च्या प्रत्येक सीटला 109 किलोची मर्यादा आहे, पण शिक्षक आणि तू मिळून इंधनासह एकूण 622 किलोत बसायला हवं, आणि उन्हाळ्यात तेवढंही जड वाटतं. परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेत उडायच्या आधी तिथल्या टीएसए या सुरक्षा यंत्रणेची मंजुरी लागते, त्याला वेळ धर.

अमेरिकी मुलगा या टप्प्यावर काय करतो माहीत आहे? परवाना झाला की तो शिक्षकाचा परवाना काढतो आणि त्याच शाळेत नवख्यांना शिकवतो. शिकवता शिकवता त्याचे हजार तास होतात, आणि त्याचे पैसे त्याला मिळतात. तिथल्या हेलिकॉप्टर व्यवसायाचा जिना असाच बांधलेला आहे. आपल्या मुलांच्या व्हिसावर तिथे काम करायला मिळणारा काळ मर्यादित असतो, म्हणून व्हिसाचा प्रकार शाळा निवडण्याआधी नीट तपास. भारतात परत आलीस तर तो जिना इथे जवळपास नाहीच, कारण शिकवायला शाळाच फारशा नाहीत. 170-180 तासांचं लॉगबुक घेऊन तू उभी राहशील, आणि तुझ्या शेजारी सैन्यातून निवृत्त झालेला, तीन हजार तासांचा माणूस त्याच खुर्चीसाठी उभा असेल. मी स्वतः तो माणूस होतो. जुहूला रुजू झालो तेव्हा माझ्याबरोबर मुलाखतीला एक परदेशात शिकून आलेला तरुण होता. अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार. त्याला नोकरी मिळायला पुढे चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत हात गंजू नयेत म्हणून त्याला पैसे मोजून उडावं लागलं.

हे घाबरवायला सांगत नाही. त्याला शेवटी दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरवर सहवैमानिकाची जागा मिळाली, आज तो कॅप्टन आहे. तेलफलाटांचं काम दोन पायलटांचं असतं, त्यामुळे कमी तासांच्या मुलाला आत शिरायची जी काही थोडी दारं आहेत त्यातलं ते एक. मुंबई हाय किनाऱ्यापासून साधारण 160 किलोमीटर. पवनहंस ही सरकारी हेलिकॉप्टर कंपनी 1985 मध्ये मुळात याच कामासाठी उभी राहिली. पण तिथे शिरायलाही टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं हेलिकॉप्टर उडवण्याची वेगळी परवानगी, उपकरणांवर उडण्याचं रेटिंग, आणि पाण्यात उलटं बुडवलेल्या पिंजऱ्यातून बाहेर पडायचं प्रशिक्षण लागतं. टाइप रेटिंगचा खर्च पुन्हा लाखांत.

आता तुझ्या शेतावरून जाणाऱ्या वाटेबद्दल. ती हेलिकॉप्टरं नाशिकरोडजवळच्या गांधीनगरच्या धावपट्टीवरून येतात. तिथे कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे. आर्मी एव्हिएशन कोर 1 नोव्हेंबर 1986 ला उभी राहिली आणि तिचे पायलट आज तिथे तयार होतात. 25 मे 2022 ला कॅप्टन अभिलाषा बराक याच शाळेतून पायलटचा पंखांचा बिल्ला घेऊन बाहेर पडल्या, आर्मी एव्हिएशनच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर. तुझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. मी शिकवत होतो तेव्हा ही गोष्ट शक्य नव्हती, आणि ती झाली त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

सैन्यात 150 च्या पुढचे तास सरकार देतं आणि वर पगारही देतं. पण ही वाट म्हणजे फुकटचा पायलट कोर्स नव्हे. आधी तू अधिकारी होतेस, मग पायलट. एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, साडेसोळा ते साडेएकोणीस हे वय. तुला अजून दोन-तीन संधी आहेत. मुलींची पहिली तुकडी 2022 मध्ये खडकवासल्याला दाखल झाली आणि मे 2025 मध्ये बाहेर पडली. हवाई दलात पदवीनंतर एएफकॅट ही प्रवेश परीक्षा देऊनही जाता येतं, 20 ते 24 हे वय, बारावीला फिजिक्स-मॅथ्सला प्रत्येकी 50 टक्के लागतात, आणि ते कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, 14 वर्षांचं असतं. हवाई दलात दुंडीगलला आधी पिलॅटस विमानावर शिकवतात, मग ज्यांना हेलिकॉप्टरची शाखा मिळते ते हकिमपेटला चेतकवर येतात. नौदलाचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण तामिळनाडूत अरक्कोणमला आयएनएस राजाली या तळावर होतं.

इथे शरीराचे निकष नागरी परवान्यापेक्षा कडक आहेत. हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेला उंची किमान 162.5 सेंटिमीटर लागते, पायांची लांबी 99 ते 120, बसून उंची 81.5 ते 96. लांबचं न दिसण्याचा चष्मा तिथे चालत नाही. आणि मुलाखतीबरोबर पायलट होण्याची जी कल-चाचणी असते, पडद्यावरची हात-पाय-डोळ्यांची, ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालीस तर फ्लाइंगचं दार कायमचं बंद. म्हणून तिला घाईने, अर्धवट झोपेत, रात्रभर गाडीचा प्रवास करून जाऊ नकोस. शक्यतो आदल्या दिवशी पोहोच.

आणि हेही प्रामाणिकपणे सांगतो: फक्त तास मिळवायला सैन्यात जाऊ नकोस. सियाचिनला चीता घेऊन आम्ही जायचो तेव्हा काही चौक्यांवर एका खेपेला 20-25 किलोच नेता यायचे, हवा इतकी विरळ. केरोसीनचा एक कॅन, थोडी औषधं, घरून आलेली पत्रं. उतरून पंखा चालू ठेवून अर्ध्या मिनिटात निघायचं. खाली जो जवान कॅन उचलायला यायचा त्याच्यासाठी आपण गेलोय, असं ज्याला वाटतं त्याने ही वर्दी घालावी. तुला तसं वाटत असेल तर याहून चांगली शाळा जगात नाही.

शेवटची गोष्ट हवामानाची, आणि ती मी कुठल्याही शाळेच्या आधी शिकवतो. 8 डिसेंबर 2021 ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं एमआय 17 पडलं, 14 जण गेले. चौकशीत निघालं की दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि दिशाभान हरपलं. यंत्रात दोष नव्हता, पायलट अनुभवी होते. केदारनाथच्या वाटेवर ऑक्टोबर 2022 मध्ये सात, आणि 15 जून 2025 ला पुन्हा सात जीव गेले. ज्या दरीत हेलिकॉप्टरला जावं लागतं तिथेच ढग सगळ्यात आधी भरतो.

कॅप्टन होऊन दोन वर्षं झाली असताना मी पावसाळ्यात घाटाकडे चाललो होतो. पुढे ढगाखाली एक फट दिसत होती. मी म्हणालो, निघेल. माझ्या शेजारचा माझ्यापेक्षा ज्युनियर होता, तो म्हणाला, "सर, मागे पण बंद होतंय." मी मागे वळून पाहिलं. खरंच होत होतं. आम्ही वळलो आणि खालच्या एका शाळेच्या मैदानावर उतरलो. मास्तरांनी चहा दिला, मुलांनी प्रश्न विचारून भंडावलं, तीन तासांनी ढग उचलला. ती फट पुढे बंद होती हे मला नंतर दुसऱ्या पायलटकडून कळलं. हेलिकॉप्टरला विमानापेक्षा ही एक गोष्ट जास्त दिली आहे: ते कुठेही उतरू शकतं. पण त्यासाठी "उतरू या" म्हणावं लागतं, मागे बसलेल्याची सभा चुकत असली तरी. निवडणुकीच्या दिवसांत, चुन्याने एच काढलेल्या धुळीच्या मैदानांवर, विजेच्या तारांच्या मधून दिवसाला सहा-सहा सभा करणाऱ्या पायलटला हे म्हणणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. कुठल्या मालकाकडे काम करायचं हे ठरवताना पगार नंतर विचार. आधी तिथल्या पायलटला विचार, गेल्या पावसाळ्यात किती वेळा नाही म्हणालास आणि त्यानंतर काय झालं.

तर तू आत्ता काय करायचं. या महिन्यात क्लास 2 वैद्यकीय तपासणी, आणि रंगांची चाचणी तर उद्याच नाशिकला कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे. पदवीला प्रवेश घे, कुठलाही चालेल पण सोडू नकोस, एएफकॅट आणि सीडीएस या पदवीनंतरच्या प्रवेश परीक्षांचं दार त्याने उघडं राहतं. एनडीएचा पुढचा अर्ज भर. धावायला लाग. सोबत डीजीसीएचं हवामानशास्त्राचं पुस्तक आण आणि रोज संध्याकाळी आकाशात कुठला ढग आहे ते वहीत लिही. तुझ्या अंगणातून सह्याद्रीची रांग दिसत असेल तर याहून चांगली प्रयोगशाळा नाही. एनडीएची वाट एकोणिसाव्या वर्षापर्यंत जमली नाही, पुढे पदवीनंतरचीही नाही, आणि इच्छा तेवढीच राहिली, तर तेव्हा परदेशाचा हिशेब पुन्हा काढू. तोवर तुझ्या लेखी परीक्षा झालेल्या असतील, आणि कर्ज काढायचं तर शैक्षणिक कर्जाची चौकशी आधी, जमीन सगळ्यात शेवटी.

धाकटी बहीण दहावीत असेल तर तिच्यासाठी एक: नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 2023 पासून सुरू झाली आहे, अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेते. दहावीत असतानाच अर्ज भरावा लागतो.

रंगांच्या चाचणीचा निकाल आणि मोजलेली उंची, दोन्ही कळव. पुढचं त्यावरून सांगेन.